अत्तर न लावणारे चाचा

पनवेलच्या बाजारातले अत्तरवाले चाचा गिऱ्हाइकाला आधी विचारत, "कुणाच्या अंगाला लावायचं?" मग कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून म्हणत, "उद्या दाखवा." घाई असलेल्याला ते सरळ दुसरं दुकान दाखवत.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या खरेदीत अत्तर तेवढं राहिलं होतं. विहीणबाईंनी पसंत केलेल्या हिन्याचा थेंब चाचांनी मुलीच्या हाताला लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी परत गेलो, तेव्हा तिच्या कोपराशी लाल चट्टा उठला होता.

विहीणबाई म्हणाल्या, "अंगावरचा रोग आमच्यापासून लपवलात?"

चाचांनी आपली बाही वर केली. कोपरापर्यंत जुने काळपट डाग होते.

"रोग नाय, बाई. काहींच्या कातडीला वासाचं वावडं असतं. तीस वर्षं अत्तर विकतो, पण हे डाग उठल्यापासून अंगाला थेंब लावत नाय. घरवालीनं कधी तोंड फिरवलं नाय."

शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं ते डाग पाहिले, हातातली कुपी खाली ठेवली आणि ते निघून गेलं. चाचांनी बाही खाली घेतली नाही.

मग विहीणबाईंनी चाचांना विचारलं, "सुनेला मोगऱ्याचा गजरा तरी चालेल ना?"