पाऊणकीची भरती

माझ्या घरी फारसं कुणी येत नाही. येऊ नये अशीच व्यवस्था मी वर्षानुवर्षं करत आलो. माणूस जरा जवळचा झाला की जुनं विचारू लागतो, आणि शाळामास्तराला तर कॉलेजातलं हटकून विचारतात. ते मला सांगायचं नव्हतं. आता पंचेचाळिशी उलटली, सांगून टाकतो.

पुण्याच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र घेतलं होतं. वर्गात किनाऱ्यावरचे आम्ही दोघेच. मी रत्नागिरीचा, तो दाभोळचा. त्याचे वडील गलबतावर तांडेल होते. ते वारल्यावर आईनेच त्याला वाढवलं, शिकवलं. आमचे प्रोफेसर देशावरचे. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनतीनदा पाहिलेला, पण त्याच्याविषयी बोलायला लागले की तास संपल्याचं भान नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा दोघांना काम दिलं. आपापल्या बंदरात इंचांच्या खुणा केलेला खांब रोवायचा आणि महिनाभर रोज, दिवसाच्या भरतीला, पाणी किती वाजता आणि किती चढलं ते वहीत लिहायचं. पहिल्या पानावर प्रतिज्ञा लिहून सही करायची: यातला प्रत्येक आकडा मी स्वतः पाहून लिहिला आहे. वही पास झाली तरच टर्म मिळणार.

पहिले आठ दिवस मी इमानाने बंदरावर गेलो. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेला जांभा, हातात काकांचं घड्याळ. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, त्यामुळे कधी जेवणाच्या वेळी, कधी टळटळीत दुपारी जावं लागे. जाळी शिवत बसलेले लोक हसायचे. "काय मास्तर, दर्या मोजून झाला काय?" मी अजून मास्तर झालो नव्हतो, तरी मास्तरच.

नवव्या दिवशी त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "कशाला उन्हात मरतोस? तिथी बघ नि पाऊणकी लाव. घरात बसून कळेल."

हे मला शिकवायची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्याकडे पाढे पाठ झालेलं कुठलंही पोर सांगेल. चतुर्थीला तीन वाजता, पंचमीला पावणेचारला. ढोबळ हिशेब आहे, होडी लोटण्यापुरता. मी घरी आलो, काकांचं पंचांग काढलं आणि उरलेले बावीस दिवस एका बैठकीत लिहून काढले. पाण्याची उंची पुनवेकडे चढवत नेली, अष्टमीकडे उतरवली. मधूनमधून शाई बदलली. हे शाई बदलण्याचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आळस म्हणून मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली, पण आळशी माणूस दोन दौती वापरत नाही.

सुट्टी संपल्यावर प्रोफेसरांनी दोन्ही वह्या मुंबईच्या भरतीच्या छापील कोष्टकाशेजारी ठेवल्या. माझी वही कोष्टकाला जवळजवळ चिकटून चालली होती. त्याची कुठेच नीट बसेना. दाभोळची खाडी, वरून वाशिष्ठीचं पाणी, समोरून वारा. एके दिवशी भरती तासभर उशिरा, दुसऱ्या दिवशी अर्धा फूट जास्त. दोन दिवसांपुढे नुसतंच लिहिलेलं, 'खांब पडला.'

"समुद्र असा वागत नाही," प्रोफेसर त्याला वर्गासमोर म्हणाले. "ही रत्नागिरीची वही बघा. तुम्ही घरी बसून आकडे लिहिलेत. तसं कबूल करा, मी दुसरं काम देईन. पंधरा दिवसांची मुदत देतो."

त्याने माझी वही हातात घेतली आणि उभ्याउभ्या चाळली. सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार. त्याने वही मिटून मला परत दिली. प्रोफेसरांना तो एवढंच म्हणाला, "मी पाहिलं ते लिहिलंय, सर."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर म्हणाला, "मेल्या, तुझ्या दर्याला पावतासाखेरीज दुसरं काही येत नाही काय रे?"

मी हसलो. काय करावं ते न कळून हसलो. तोही किंचित हसला आणि पुस्तक उघडून बसला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. मुदतीचे पंधरा दिवस आम्ही एका खोलीत राहिलो, एका खाणावळीत जेवलो. रोज सकाळी वाटे, आज सांगू. सोळाव्या दिवशी त्याची टर्म गेली आणि त्याने ट्रंक बांधली. स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो, हे विशेष.

मी पास झालो आणि रत्नागिरीतच शाळेत लागलो. दुसऱ्याच्या वहीवरून नकला करणारी मुलं सापडली की इतर मास्तर छडी काढत. मी वही परत देऊन खिडकीबाहेर बघत असे. पोरं मला मवाळ समजत.

सातआठ वर्षांनी बंदरावर बोट लागली, तेव्हा किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतारूंना हात देताना तो दिसला. बोटीवरच कामाला होता. मी जवळ जाऊन नमस्कार केला आणि सगळं एका दमात बोललो. प्रोफेसर वारल्याचं त्याला मीच सांगितलं.

तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. तू बोलशील म्हणून थांबलो."

"तू का नाही बोललास?"

"वही तुझी होती." मग पडावाकडे बघत म्हणाला, "मला आता काही नको. आईला सांग. तांडेलाच्या पोराने दर्याबद्दल खोटं लिहिलं, असं ती अजून धरून बसलीय. माझं तिला पटलं नाही. कॉलेज खोटं कसं सांगेल, म्हणते."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दाभोळला गेलो. ओटीवर त्याची आई सुकट निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, वहीचं सांगितलं, पंचांगाचं सांगितलं. तिचे हात थांबले. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले.

"मग तेव्हा मी त्याला काय काय बोलले, बाबा," ती म्हणाली, "ते आता कुठे ठेवू?"

मन हलकं करायला मी गेलो होतो आणि त्या बाईच्या पदरात नवं ओझं टाकून उभा होतो. ती सूप उचलून आत गेली. मी बराच वेळ ओटीखाली थांबलो. आत भांडी वाजत होती. पुन्हा ती बाहेर आली नाही.