तलावाकाठचा चौथा चहा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. मी आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. वर्गात कोणी भुताचं नाव काढलं की त्याला उभं करून ‘पुरावा काय?’ असं विचारणारा मी. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... माझे विद्यार्थी हे वाचणार नाहीत, एवढीच आशा.

जागा आधी नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही विचार करता येईल. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूरच्या पुढे, सातमाळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी एक तलाव आहे. आंब्याच्या कोयीसारखा लांबट. अलीकडच्या टोकाला मातीचा बांध, त्याला आम्ही कट्टा म्हणतो. पलीकडच्या टोकाला एक लहानसं गाव. कट्ट्यावरून गावाकडे दोन पायवाटा जातात, दोन्ही एकाच बाजूने. एक अगदी पाण्याच्या काठाने, दुसरी थोडी वरून, सागाच्या झाडांतून. तिथून समोरचे डोंगर सलग दिसतात. दुसऱ्या काठाला नुसती दलदल, तिकडे म्हैससुद्धा जात नाही.

हल्ली तिथे पाटी लागली आहे – ‘सोपी पायवाट, सर्व वयाच्या लोकांसाठी’. यवतमाळ-नांदेडकडची मंडळी बूट घालून, हातात काठ्या घेऊन येतात, फोटो काढतात. पाटी खोटं सांगत नाही. चढ नाही, फाटे नाहीत. जाताना पाणी डाव्या हाताला, येताना उजव्या. हरवायचं ठरवलं तरी तिथे हरवता येत नाही.

आम्ही मात्र हरवलो. तेही भर दिवसा.

ज्या दसऱ्याला आमच्या एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्याच वर्षी दिवाळीनंतरची ही गोष्ट. मामा आणि मी त्या पलीकडच्या गावात मुलगी बघायला गेलो होतो. मामांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माझे वडील लहानपणीच गेले. पाचवीनंतर मामांनी मला आदिलाबादला आपल्या घरी नेलं आणि स्वतःच्या मुलासारखं शिकवलं. ते तहसील कचेरीत चपराशी होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, तो त्यांच्यामुळे. त्यांच्यासमोर मी कधी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. ‘हो’सुद्धा त्यांनी विचारलं तरच.

मुलीचं नाव वैशाली. डीएड झालेली. पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी आम्हाला दोन मिनिटं ओसरीवर बोलायला सोडलं. मला काही सुचेना. तिनेच विचारलं, “तुमी सोता आले, का तुमाले आणलं?”

मी म्हणालो, “ऑटोनं आलो.”

ती इतकी हसली की आतून तिच्या आईने डोकावून पाहिलं. आणि मला... काय सांगू... तिथून उठावंसंच वाटेना.

निघताना मामांनी चपला घातल्या, हात जोडले आणि म्हणाले, “बरं मंग. कळवतो.”

‘कळवतो’चा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. वैशालीच्या वडिलांचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार, पण माझ्याकडे कोण बघतंय!

पाण्याकाठच्या वाटेने चालू लागल्यावर मामा म्हणाले, “पोरगी सोन्यासारखी हाये. पण हे गाव आता निर्मल जिल्ह्यात गेलं. उद्या तिले नोकरी लागन ते तिकडं, तू इकडं. संसार काय कट्ट्यावर करसान?”

“हो मामा,” मी म्हणालो.

“दसऱ्याच्या आधी आलो असतो तं आपल्याच जिल्ह्यातली होती पाह्य!”

“हो मामा.”

पाणी उजव्या हाताला होतं. बगळे बसले होते, पाण्यात डोंगर उलटे दिसत होते. आता कट्टा येईल म्हणून मी मान वर केली – तर समोर लिंबाचं झाड, त्याखाली कापसाच्या पोत्यांची थप्पी आणि ओसरीवर कपबशा गोळा करणारी वैशाली.

“काई विसरलं का पाव्हणे?” तिच्या आईने विचारलं.

मामा तहसीलीत मुरलेले. गडबडले नाहीत. “तंबाखूची डबी राह्यली वाटते,” असं म्हणून त्यांनी सतरंजी उचलून पाहिली. मग स्वतःच्याच खिशातून डबी काढली आणि “हात तिच्या!” म्हणाले. पाहुणा उंबऱ्यावर आला म्हणजे चहा आलाच. दुसरा चहा झाला. मामा पुन्हा म्हणाले, “कळवतो.”

बाहेर येताच माझ्यावर उखडले. “कुठं ध्यान होतं तुहं? वाट चुकवली ना!”

“मामा, वाट एकच आहे.”

“मंग वरच्या वाटेनं चाल. ते तं दुसरी हाये ना!”

वरच्या वाटेने निघालो. मी मोबाईलवर होकायंत्र लावलं. सुई उत्तरेलाच होती. डोंगर जिथे असायला हवेत तिथेच होते. मी मनाशी ठरवलं की नजर कट्ट्यावरून हलवायचीच नाही. कट्टा दिसतही होता, त्यावर आमचा ऑटोही उभा होता. मग एक मोठं मोहाचं झाड आडवं आलं, त्याला वळसा घातला... आणि पुन्हा लिंब, पोती, ओसरी.

या वेळी वैशालीचे वडील घाईने उठून उभे राहिले. मामा म्हणाले, “गोठा पाहाचा राह्यला होता.” गोठ्यात एक म्हातारा बैल होता. मामांनी तो दातांपासून शेपटीपर्यंत तपासला. तेवढ्यात तिसरा चहा आला. तो कप देताना वैशाली हळूच मला म्हणाली, “याच्या आधी लय जण ‘कळवतो’ म्हणून गेले. कोणीच वापस नाही आलं. तुमीच पयले.”

मामा तिसऱ्यांदा “कळवतो” म्हणाले. पण आवाज बसला होता.

वाटेत पळसाच्या झाडामागे त्यांनी मला ओढलं. “गजू, हा चकवा हाये.”

“मामा, चकवा वगैरे काही नसतं. मेंदू दिशा–”

“मेंदू ठेव खिशात. सदरा काढ.”

चकवा लागला की कपडे उलटे घालायचे, हे तुम्ही ऐकलं असेलच. मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून ठाम नकार देणार होतो. पण सांगितलं ना, मामांना मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. दोघांनीही सदरे उलटे केले. मामांच्या पाठीवर शिंप्याची चिठ्ठी आली, आतला चोरखिसा छातीवर लोंबू लागला. चपलाही डाव्या-उजव्या बदलल्या. असे बदकासारखे चालत, पाणी उजव्या हाताला ठेवून, आम्ही दोघं ताठ मानेने...

लिंब. पोती. ओसरी.

वैशालीच्या वडिलांनी माणुसकी दाखवून आढ्याकडे नजर लावली. तिच्या आईने न विचारताच चुलीवर आधण ठेवलं. मामा पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं, “मामा, मले पोरगी पसंत हाये.”

बैलसुद्धा रवंथ करायचा थांबला असावा.

मामा माझ्याकडे बघत राहिले. “मंग तवाच काऊन नाही सांगतलं? मी सदरा उलटा करोपर्यंत वाट पाहून राह्यला होता का?”

“तुमच्यासमोर कसं बोलू? तुमी मले शिकवलं...”

“अरे लेका, शिकवलं ते बोलता यावं म्हणूनच ना!” त्यांचा आवाज एकदम ओला झाला. मग उपरण्याने तोंड पुसून ते वैशालीच्या वडिलांकडे वळले. “पण जिल्ह्याचं काय कराचं, पाव्हणे?”

वैशालीचे वडील तेव्हा पहिल्यांदा मोकळं हसले. “जिल्हा सरकारनं हलवला. आमी घर नाही हलवलं.”

“पोरीले विचारा,” मामा म्हणाले.

आतून आवाज आला, “या चहात साखर जास्त टाकली हाये.”

तो चौथा चहा. तो पिऊन, सदरे सुलटे करून निघालो, आणि गप्पा रंगायच्या आत कट्टा आला. ऑटोवाला कट्ट्यावरच शेरडं राखणाऱ्यांशी बोलत बसला होता. मी त्याला विचारलं, आम्ही मधे इथून गेलो का? तो म्हणाला, “नाही सार. सकाळी गेले, ते आताच दिसून राह्यले.” म्हणजे तलावाला फेरी पडली नव्हती. दलदलीतून यावं तर पाय कोरडे होते. आणि काहीच घडलं नाही म्हणावं, तर मामांना बाजारहत्नूरपर्यंत तीनदा ऑटो थांबवावा लागला... इतका चहा पोटात कुठून आला?

लग्न झालं. पुढे वैशालीला नोकरीही लागली आणि संसार कट्ट्यावर करावा लागला नाही. आम्ही दोघं सुट्टीत त्या वाटेने कितीदा तरी फिरतो. वाट सरळ जाते, सरळ येते.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मेहुणीला, पल्लवीला, बघायला पाहुणे आले होते. मुलगा इंजिनिअर, बोलणं गोड. निघताना मुलाचे काका म्हणाले, “कळवतो.” मामा आता आमच्या बाजूने बसलेले. पाहुणे लिंबाखालून गेले तसे मामा ऐटीत म्हणाले, “आधण उतरवू नका. येतेत वापस.”

आधण आटलं. पुन्हा पाणी घातलं, तेही आटलं. कोणी आलं नाही.

शेवटी मामा पाण्याच्या काठावर जाऊन उभे राहिले आणि तलावालाच झापू लागले. “काऊन रे? तवा माह्यावरच जोर आला होता का? माहा सदरा उलटा कराले लावला, अन् या पाव्हण्यायले सोडून देल्लं?”

पल्लवी ओसरीवरून ओरडली, “मामा, त्याले कायले बोलता? मलेच तो पोरगा पसंत नोयता!”

मामा ओसरीवर परतले. मग मी हळूच वैशालीकडे पाहिलं आणि विचारलं, “त्या दिवशी... तू काई केलं होतं का?”

“मी काय करू?” ती म्हणाली. “मी तं कपबशा धुऊन राह्यली होती.”

आणि हसत आत गेली. ओसरीवर मला पहिल्यांदा हसली होती, तशीच. पुरावा काय, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.