टेबलाखालची बॅटरी

मी कॉलेजात मराठी शिकवते. समोरच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्राचे सर काचेच्या पट्टीवर रंगाचा पातळ थर देऊन सोलर सेल बनवतात. काचेला बोट लागू नये म्हणून ती कडेनं धरायची सवय इतकी मुरलीय, की चहाची बशीही ते तशीच धरतात. भट्टीत थर तडकला, तर "बघू, परत करू" एवढंच म्हणतात.

परवा प्रयोगशाळेला निधी देणारे पाहुणे आले, तेव्हा मीही तिथं होते. सेलवर दिवा लागलेला दिसावा म्हणून प्राचार्यांनी टेबलाखाली गुपचूप बॅटरी जोडली होती. पाहुणे कौतुकानं दिव्याकडे बघत असतानाच सरांनी वाकून बॅटरीची तार काढली. दिवा विझला. आता निधी गेलाच, असं मला वाटलं.

"ह्याच्यावर दिवा न्हाई लागत अजून," सर शांतपणे म्हणाले. "पण सेलला जोडलेल्या ह्या मीटरचा काटा हलतो. तुमी हात धरून बघा."

पाहुण्यांनी सेलवर येणारं खिडकीतलं ऊन हातानं अडवलं. काटा खाली आला. हात काढला, तसा वर चढला. त्यांनी पुन्हा हात धरला. प्राचार्य चहाला बोलावत राहिले, पण पाहुणे तिथून हलेनात.