नाव न घेण्याच्या बोलीवर

बारामतीच्या बाजारात एका माणसाबद्दल मी बरीच वर्षं मोकळेपणानं बोलत आलो. आता बोलत नाही, आणि इथंही त्याचं नाव येणार नाही. तसा सौदा झालेला आहे. मी दिलेला शब्द मोडत नाही. मात्र देताना तो तोलून देतो.

हा माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लासुर्ण्याच्या अलीकडं वस्ती, उसाचं रान. बहिणीला आणि लहानग्या भाचीला घेऊन तो पाहुण्यांच्या व्हिसावर अमेरिकेत गेला. ओळखीच्या एकाच्या लॉजवर काम मिळालं आणि व्हिसा संपल्यावरही तिघं तिथंच राहिले. दोनेक वर्षांनी त्याचं मन उडालं. ‘पुढं जाऊन बस्तान बसवतो, मग तुम्हाला बोलावतो,’ असं सांगून तो एकटाच परत आला. बोलावलं नाहीच. फारकत उरकली, दुसरं लग्न केलं. पोरीला एक फोनसुद्धा नाही.

बहीण तिकडं एका भारतीय दुकानाच्या भटारखान्यात समोसे तळते. मी तिला दरवर्षी म्हणायचो, परत ये. मी डोक्यावर मेथीची पाटी घेऊन सुरुवात केलेला माणूस. आज झाडावरच्या डाळिंबाचे सौदे करतो, घर बांधलंय, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. ती म्हणायची, “दादा, पोरीची शाळा होऊ दे.” शाळा होत गेली आणि पोरगी सतरा वर्षांची झाली.

मग भाचीचाच फोन आला. तिथं कायदेशीर राहायचे सगळे मार्ग तिला तिथल्या एका वकीलबाईनं समजावले होते आणि ती मला समजावत होती. लहानपणी आलेल्या मुलांसाठी एक सवलत होती, पण ती भाचीच्या आधी येऊन पोचलेल्यांसाठी. तिथल्या नागरिकाशी लग्न हा एक मार्ग.

“तो नको,” मी म्हटलं.

“मलाही नकोय, मामा. मला केमिस्ट्री शिकायचंय.”

दुसरा मार्ग परत यायचा. अठरा व्हायच्या आत निघाली तर पुढं निदान व्हिसा मागायला तोंड राहतं. अठरानंतर बिनकागदाचा काळ तिच्या स्वतःच्या खात्यावर चढत जातो आणि एकदा बाहेर पडली की वर्षानुवर्षं परत जाता येत नाही. मी म्हटलं, मग ये की. ती हळूच म्हणाली, “मामा, मला मराठी वाचतासुद्धा येत नाही. मी तिथं येऊन कोण होणार?”

उरला एक मार्ग. आई किंवा बापानं टाकून दिलेल्या मुलाला तिथलं कौटुंबिक कोर्ट तसा हुकूम देतं. मुलाचा ताबा उरलेल्या पालकाकडं जातो, आणि त्या हुकमाच्या जोरावर मुलाला स्वतःच्या नावानं कायदेशीर राहण्यासाठी अर्ज करता येतो. तिच्या राज्यात हा हुकूम अठराव्या वाढदिवसाच्या आत व्हायला हवा. या वाटेनं गेलेल्या मुलाच्या जिवावर आईला मात्र कधीच कागद मिळत नाहीत. बहिणीला ते सांगितलेलं होतं. ती म्हणाली, “माझं ऱ्हाऊ दे. तिचं होऊ दे.”

कोर्टाची नोटीस बापाला पोचवावी लागते. सरकारी वाटेनं ती इंदापूरपर्यंत यायला इतके महिने लागले असते की तोवर वाढदिवस होऊन गेला असता. त्यानं आपण होऊन लिहून दिलं, की नोटीस मिळाली, पोरीची चौकशी केली नाही, ताब्याला हरकत नाही, तर काम वेळेत होणार होतं. म्हणजे ज्याला मी भर बाजारात शिव्या घातल्या, त्याच्या दारात मीच जायचं.

वकीलबाईनं फोनवर हिंदीत बजावलं होतं : धमकी नाही, पैसे नाहीत, खोटं एक अक्षर नाही. उद्या तो म्हणाला जबरदस्ती झाली, तर सगळं बुडेल. माझी बायको म्हणाली, “तुमी बाग बगायला गेलाय आसं समजा. बागंत तुमी कधी चिडत न्हाय.”

ते खरं आहे. बागेत मी मालाकडं बघत नाही. पाण्याचं विचारतो, पावसाचं विचारतो आणि समोरच्याला आधी बोलू देतो.

सकाळी वस्तीवर गेलो. तो ओट्यावर बसला होता. केस पिकलेले, पायाला पट्टी. मला बघून उठला.

“या पाव्हणं.”

इतकी वर्षं मी त्याला दाजी म्हटलं नव्हतं. “पायाला काय झालं, दाजी?” मी म्हटलं.

“बैलानं पाय दिला.”

बैलाला अक्कल आहे, हे मी मनातच ठेवलं. चहा आला. उसाचं बोललो. शेवटी त्यानंच विचारलं, “काम काय काढलं?” मी सांगितलं आणि वकीलबाईचा मजकूर मराठीत करून आणला होता तो वाचून दाखवला. ‘गेल्या दहा वर्षांत मी मुलीची चौकशी केली नाही’ यावर तो अडला.

“परिस्थितीमुळं, आसं घाला.”

“परिस्थितीनं फोन उचलून नेला व्हता का?”

“बगा, तुमी लगीच चढता.”

मी उठलोच होतो. वाढदिवस डोळ्यांपुढं आला म्हणून पुन्हा बसलो. तो म्हणाला, “उद्या खावटी मागशीला या कागदावर. वर गावात दाखवशीला.” मी म्हटलं, पोटगी मागायची असती तर मी इतकी वर्षं थांबलो नसतो. तो मान हलवत राहिला. घासाघीस एकाच वाक्यावर चालली होती आणि ते वाक्य मला सोडता येत नव्हतं.

तेवढ्यात त्याची दुसरी बायको दारात आली. कपबश्या उचलायला आली होती, ती उभीच राहिली.

“लिवून द्या की. खोटं काय हाय त्यात?”

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग ती माझ्याकडं वळली. “पाव्हणं, सही हुईल. पर तुमी बाजारात ह्यांच्या नावानं वराडायचं बंद करा. माझी पोरगी शाळंत जाती. पोरं तिला इचारत्यात, तुज्या बापानं आदीची पोरगी इमानतळावर सोडली व्हती का?”

विमानतळाचं मी कधीच म्हटलं नव्हतं. बाजारात गोष्ट पडली की तिला आपोआप फांद्या फुटतात.

“बाजारात न्हाय बोलत,” मी म्हटलं.

“लग्नात बी न्हाय.”

“लग्नात बी न्हाय.”

“कुटंच नाव घ्यायचं न्हाय.”

मी जरा थांबलो. “नाव न घेता बोललो तर?”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. अशा नजरेची माणसं बाजारात फार थोडी भेटतात. “नाव न घेता काय करायचं ती करा,” ती म्हणाली.

सौदा तुटला नाही हे तिच्यामुळं. त्याच दिवशी आम्ही तिघं इंदापूरला नोटरीकडं गेलो. नोटरीनं पुन्हा पुन्हा विचारलं, तुमच्या राजीखुशीनं ना? तो ‘व्हय’ म्हणाला आणि सही केली. बाहेर रसवंतीवर आलो तेव्हा त्यानं ग्लासाकडं बघत मला विचारलं, “आता केवढी उंच झाली?”

माझा सगळा दाबलेला राग तिथं वर आला. “चौकशी केली न्हाय म्हणून आत्ताच सही केली तुमी,” मी म्हटलं, “सही वाळू तर द्या.” बायकोनं त्याच्या हातातला रिकामा ग्लास घेतला.

हुकूम झाला तेव्हा तिच्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते. मी बाजारात क्रेट मोजून घेत होतो. बहीण फोनवर नुसती रडत होती. मला वाटलं बुडालं सगळं. मग भाचीनं फोन घेतला. “मामा, झालं. जजनं साइन केलं.” मी तिथंच एका उपड्या क्रेटवर बसलो. मोजणी चुकली, ती पुन्हा करायलाही मी कुणाला सांगितलं नाही. पुढचा अर्ज गेलाय. कार्डाची रांग लांब आहे, काही वर्षं जातील म्हणतात. पण ती रांगेत तर उभी आहे, आणि स्वतःच्या नावानं. त्या दिवशी घरी जाऊन मी दुपारचा झोपलो. असा मी कधी झोपत नाही.

नंतर एकदा तिनं विचारलं, “ते काही बोलले का माझ्याबद्दल?”

ते कोण, हे मी विचारलं नाही. “एकानं विचारलं, केवढी उंच झालीस,” मी म्हटलं.

ती म्हणाली, “सांग त्यांना, आईपेक्षा उंच.”

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सौद्यात ते नव्हतं. पण डाळिंबाचा हंगाम आला की लासुर्ण्याच्या बाजूला बागा बघायला मला जावंच लागतं, आणि त्याची वस्ती रस्त्यावरच आहे.