पहिला दाखवलेला लॅपटॉप

मंगळवार पेठेत कुणाकडं लग्नाचा बस्ता काढायचा असला की मला बोलावणं यायचं. कागलच्या पावण्यांनी तर एकदा गाडी पाठवून नेलं होतं. माझा नियम एकच: दुकानदार पहिल्यांदा दाखवतो ते घ्यायचं नाही. पडून राहिलेला माल तो आधी पुढं सरकवतो. पन्नास साड्या गादीवर उलगडायला लावायच्या, पदर बोटांत चुरगाळून बघायचा, नाक मुरडायचं आणि सरळ उठून चालू लागायचं. चहा पिऊन परत आलं की वरच्या कप्प्यातला खरा माल खाली उतरलेला असतो. एवढ्या विद्येवर मी स्वतःला मोठी पारखी समजत होते. हीच विद्या मी एकदा माझ्या लेकीवर चालवली.

साल दोन हजार सहाच्या आसपासचं. लेक पुण्यात आर्किटेक्चर शिकत होती. एका शाळेच्या इमारतीचा अख्खा आराखडा संगणकावर करून द्यायचा होता, आणि तिचं वर्ष त्याच्यावर अवलंबून होतं. चार दिवसांसाठी घरी आली ती लॅपटॉप घ्यायलाच. वर्गातल्या पोरींना विचारून मॉडेल ठरवलं होतं, वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. एकटी गेली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण मी जरीकाठी साडी नेसून तिच्या आधी रिक्षात जाऊन बसले. लॅपटॉप घ्यायला जरीकाठी!

राजारामपुरीतल्या दुकानदारानं ते पान वाचलं आणि लगेच एक काळा, जाडजूड लॅपटॉप काउंटरवर ठेवला. झालं. पहिलाच दाखवला की हा!

"ह्यो नको. दुसरं काय हाय?"

"आई, मी हेच ठरवून आलोय," लेक कानाशी लागली.

"तू गप. बघूया तर खरं."

"मावशी, ह्या एकाच कंपनीची सोळा मॉडेलं हाईत," दुकानदार म्हणाला.

"सगळी काढा."

बिचाऱ्यानं काढली. नसतील त्यांचा छापील कागद दाखवला. मी एकेकाचं झाकण उघडून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं. हाताला काही म्हणजे काही कळेना.

"ह्यात अन् त्यात फरक काय?"

"ह्यात मेमरी जादा."

"आणि ह्यात?"

"मेमरी तेवढीच, पण डिस्क मोठी."

"मग पोरीनं लिहून आणलंय त्यात काय येवढं?"

"त्यात चित्रांसाठी ग्राफिक्स कार्ड येगळं हाय."

"मग सगळं एकात घालून एकच का काढत न्हाईत?"

"कंपनी मला इचारती व्हय, मावशी?"

मला विचाराल तर कंपनीनं तीन काढावेत. एक लिहिण्या-वाचण्यापुरता, एक चित्रं काढणाऱ्याला, एक सगळं करणारा. आणि कुठला कोणता ते लांबून ओळखू यावं. साड्या पन्नास असल्या तरी बाई बुडत नाही, कारण रेशीम आणि नुसती चमक यांतला फरक बोटाला कळतो. इथं फरक सगळा पोटात, आणि पोट स्क्रूनं बंद. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आपल्याला काही कळत नाही, आणि ते लेकीसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग काय करायचं? उठायचं!

"परत येतो," असं दुकानदाराला म्हणून मी लेकीला ओढत बाहेर काढलं. कोपऱ्यावर दूध-कोल्ड्रिंक पाजलं. ती पेल्याला हात न लावता घड्याळ बघत होती. "बघ, आता कसा नीट वठणीवर येतोय," मी म्हणाले.

परत गेलो तर काळा लॅपटॉप काउंटरवर नव्हता. मधल्या वेळात एक गिऱ्हाईक घेऊन गेलं होतं.

"दुसरा मागवा की," मी म्हणाले.

"शेवटचाच पीस होता, मावशी. कंपनीनं ते मॉडेल बंद केलंय."

लेकीची पुण्याची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळची. मी एक चंदेरी, नाजूकसा उचलला. "ह्यो बघ, किती हलका!"

"ह्यात कार्ड न्हाय, आई."

"दिसतोय तर तसाच."

रिकाम्या हातानं जाण्यापेक्षा बरा म्हणून तिनं तो घेतला.

आठवड्यानं फोन आला. आराखडा उघडतच नव्हता; उघडलाच तर भिंती दिसायच्या आणि सगळं तिथंच गोठायचं. मी लगोलग दुकान गाठलं. या खेपेला साधी साडी होती. हा घ्या आणि कार्ड असलेलं कुठलंही मॉडेल बदलून द्या म्हणून हात जोडले.

"पेटी फोडलेला माल कंपनी परत घेत न्हाय, मावशी. माझ्या हातात काय न्हाय बघा." मग जरा थांबून त्यानं एक नवा कागद पुढं केला. "जुनी सोळा गेली. आता ही नवी आल्यात. नवाच घ्यायचा असंल तर ह्यातला कुठला देऊ?"

कागदावर एकाखाली एक एकसारखी नावं. मी त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. त्यानं पाण्याचा पेला पुढं ठेवला, तो मी प्यायले आणि बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून लेकीला फोन लावला. "दुकानात आलते. नवी मॉडेलं आल्यात. तू सांगशील ते, अगदी पहिलं दाखवतील ते..."

"आई, मैत्रीण जेवायला गेलीय. ती परत येईपर्यंतच तिचा लॅपटॉप मला मोकळा हाय. ठेव फोन."

मी ठेवला.