पालथे कप

केडगावच्या एका दवाखान्यात मी आहाराचा सल्ला देते आणि माझं स्वतःचं वजन सत्त्याऐंशी किलो आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या खोलीत येणारा प्रत्येक पेशंट आधी मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि मगच माझं ऐकतो.

एकदा आलेल्या मावशींनीही तसंच बघितलं. त्या पाथर्डीकडच्या. वीस वर्षं ऊसतोडीला गेलेल्या, आता इथे फरसाणच्या शेडमध्ये पाकिटं भरायच्या. ऊस तोडताना काडीसारख्या होत्या म्हणे. मांडी घालून बसायचं काम लागलं आणि अंग सुटलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरलं नाही तर गुडघे जातील. गुडघे गेले की काम जाणार आणि काम गेलं की मुलीचं नर्सिंग मध्येच सुटणार. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं.

मी त्यांना माझा छापील कागद दिला. सकाळी पाऊण तास चालणं, सॅलड, भिजवलेले बदाम, तळलेलं बंद. वर ऐकवलंही, "मावशी, शेवटी तोंडावर ताबा आपल्याच हातात असतो." ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

महिन्याने वजन अर्धा किलो वाढलेलं. मी तडकले. कागद वाचला तरी का, असं विचारलं. त्यांनी शांतपणे त्याची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"मॅडम, एक दिस शेडात या. मग बोला."

मी गेले, खरं तर त्यांना खोटं पाडायलाच. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बैठक. जेवायला पंधरा मिनिटं, म्हणून डबा नावाला आणि पोटाला फरसाणचा चुरा; तो मालकाकडून फुकट. दोन वेळा गोडमिट्ट चहा, तोही फुकट. परतताना पुणे रोडच्या कडेने चालून पाहिलं, तर ट्रकांच्या धाकाने दोनदा गटारीत उतरावं लागलं. पुढच्या वेळी मावशी आल्या तेव्हा मी म्हणाले, "तुमचा काही दोष नाही." त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्या उलट चिडल्या.

"व्हय? चुरा मीच खाते की. मालक काय तोंडात घालाया येत न्हाई. माझं मी बगते. पर पंधरा मिंटात भाकर कशी खावी, ते त्यानं बगावं."

ऊसतोडीच्या टोळीत एक रिवाज आहे. मुकादमाशी बोलणी पुरी होईपर्यंत कोणीच कोयता उचलत नाही, एकटं तर मुळीच नाही. मावशींनी तो रिवाज शेडमध्ये आणला. एका सोमवारी दहाचा चहा आला आणि चौदा बायकांनी कप पालथे घातले. आरडाओरडा नाही, हात पाकिटांवर चालूच. जेवायला अर्धा तास आणि उभ्याने काम, एवढंच मावशींनी मागितलं. मालक आधी हसला. चार दिवस कप पालथेच राहिले. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, आज चहा थांबलाय, उद्या काम थांबेल, हे त्याने ओळखलं. पाचव्या दिवशी जेवायला अर्धा तास मिळाला आणि उभं राहून पाकिटं भरायला उंच टेबलं आली. कामाआधी आवारात फेऱ्या मारायला फाटकही लवकर उघडू लागलं. चुरा मात्र मावशींनी स्वतःच्या हिमतीवर सोडला. मला त्यांचं भारी कौतुक वाटतं, ते याच्यासाठी. त्यांनी स्वतःला सोडलं नाही आणि मालकालाही सोडलं नाही.

तीन महिन्यांनी काट्यावर चार किलो कमी. मी टाळ्या वाजवल्या. त्या उतरल्या, चपला घातल्या आणि माझ्याकडे निरखून बघू लागल्या.

"मॅडम, तुमच्याकडं बदाम हायती, चालायला बाग हाय. मग तुमचं का उतरंना?"

वेळच मिळत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले.

"तुमाला टोळी न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या पावनेसहाला या."

गेले. फाटकाशी चौदाजणी उभ्या होत्या. कोणीही मला वरपासून खालपर्यंत बघितलं नाही. थोड्या सरकल्या आणि मला मध्ये घेतलं.