साडूंना लागलेली अक्षरं

आमच्या साडूंना ज्याचं अक्षर लागलं नाही, असा माणूस सोलापूर जिल्ह्यात जन्मलाच नव्हता. सत्तरच्या दशकात ते टपाल कचेरीत होते. पत्ता कुणालाच लागला नाही की पत्र त्यांच्या टेबलावर यायचं. मग साडू कोरडा टाक घेऊन त्या अक्षरांवरून सावकाश फिरवायचे. "अक्षर बगायचं न्हाय, हात कसा गेला ते बगायचं," हे त्यांचं शास्त्र. एकदा सगळ्यांनी 'गोडनिंब' वाचून परत पाठवायला काढलेलं कार्ड त्यांनी मोडनिंबला धाडलं आणि वर "लिवणारा डावखुरा हाय, अन् यष्टीत बसून लिवलंय," हेही सांगितलं. पंगतीत ताटाभोवतीच्या रांगोळीवरून बोट फिरवत ती कुणी घातली असेल याचा विचार करत बसायचे, तोवर वाढपी भात घेऊन पुढं गेलेला असायचा.

परदेशात हाताने लिहिलेलं वाचणारं यंत्र निघालंय, असं पेपरात वाचून मी त्यांना चिडवायला गेलो. ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्याला हात हाय का?"

"नाही."

"मग कसं वाचंल वो ते?"

मी पोट धरून हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, दोन दिवस इस्पितळात खाटेशी बसून होत्या. मी नेलेला डबा तसाच परत येई. तिसऱ्या दिवशी दुपारी साडूंनी डाव्या हातानं एका कागदावर काहीतरी गिरबटलं. अक्कांनी वाचलं, 'निघून जा'. मलाही तेच दिसलं.

"माझं त्वांडबी नको झालं व्हय?" म्हणत अक्का रडत घरी गेल्या. संध्याकाळच्या आत साडू गेले.

दिवस झाल्यावर अक्कांनी तो कागद माझ्यापुढं ठेवला. "तुमी शिकलेलं. नीट बगा की."

मी साडूंचा कोरडा टाक डाव्या हातात धरला आणि त्या रेघांवरून फिरवला. पहिल्या अक्षराशी हात 'नि'कडे वळेना, 'जे'कडे गेला. मग 'वू' आला, 'जा'च्या जागी 'घे' निघाला. शेवटी आम्हाला जी थरथर वाटली होती, तो 'की' होता.

"जेवून घे की," मी वाचलं.

अक्कांनी कागद घेतला. त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग आत गेल्या आणि ताट वाढून घेऊन बसल्या.